छत्री केवढी, माणूस केवढा?

रायगडाच्या पायथ्याला छत्री निजामपूर नावाचे गाव आहे. त्या नावामागची गोष्ट महाड-पोलादपूरकडे लहानपणीच कानावर पडते. शिवाजी महाराज टकमक टोकावर गेले असताना त्यांच्यावर छत्री धरणारा सेवक वाऱ्याच्या झोतात सापडला आणि कड्यावरून खाली गेला. पण त्याने छत्रीचा दांडा सोडला नाही. तो तरंगत तरंगत निजामपुरात सुखरूप उतरला आणि गावाच्या नावाला छत्री चिकटली ती कायमची. ही दंतकथा आहे आणि ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. पण ऐकणाऱ्या एखाद्या चौकस पोराच्या मनात हमखास येणारा प्रश्न मात्र अगदी शास्त्रीय आहे. छत्री केवढी होती आणि माणूस केवढा होता?

पॅराशूटला मराठीत 'हवाई छत्री' असा जुना आणि नेमका शब्द आहे. विमानातून उडी मारायला शिकणाऱ्याने आपल्या प्रशिक्षकाला पहिल्या काही प्रश्नांमध्ये हाच प्रश्न विचारायला हवा. माझी छत्री केवढी आणि माझे वजन तिच्या मानाने केवढे? या हिशेबाला इंग्रजीतून आलेला शब्द आहे 'विंग लोडिंग'. आपण त्याला पंखभार म्हणू.

आरोग्याच्या सदरात हा विषय का, असे कोणी विचारेल. कारण सोपे आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडची मुले-मुली नोकरी-शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला आणि परदेशी गेली. हाती थोडे पैसे आले. कुणी कामशेतला पॅराग्लायडिंग शिकते, कुणी दुबई-थायलंडला जाऊन प्रशिक्षकाला बांधून टँडम उडी मारते. त्यातल्या काहींना चटक लागते आणि ते एकट्याने उडी मारायचा अभ्यासक्रम धरतात. मग 'डॉक्टर, फिटनेसचे सर्टिफिकेट हवे' म्हणून कुणीतरी समोर येऊन बसते. बहुतेकांच्या मनात एकच भीती असते, छत्री उघडली नाही तर? ही भीती रास्त आहे, पण अपुरी आहे. या खेळात अलीकडच्या काळात झालेल्या गंभीर अपघातांचा मोठा वाटा नीट उघडलेल्या, कुठेही न फाटलेल्या छत्रीखाली घडलेला आहे, तोही शेवटच्या काही सेकंदांत, जमिनीजवळ. तिथे कामी येतो तो पंखभाराचा हिशेब.

भागाकार साधा, चूकही साधी

भातलावणीच्या चिखलात पाय रुततो, पण फळी टाकली की तिच्यावरून चालता येते. माणसाचे वजन तेच असते, फक्त ते जास्त जागेवर वाटले जाते. हवेतही तसेच. माणसाचे वजन छत्रीच्या कापडाच्या क्षेत्रफळावर वाटले जाते. दर चौरस फूट कापडाच्या वाट्याला किती पौंड वजन आले, तो पंखभार. या खेळात जगभर पौंड आणि चौरस फूट हीच मापे चालतात, म्हणून आपल्यालाही किलोचे पौंड करावे लागतात. किलोला २.२ ने गुणायचे.

समजा एखाद्या मुलीचे वजन ६० किलो आहे. पण विमानातून फक्त ती बाहेर पडत नाही. पाठीवर मुख्य छत्री, राखीव छत्री, पट्टे, त्यांची पिशवी, शिवाय हेल्मेट, बूट, कपडे असे सारे तिच्याबरोबर असते. हा पसारा सहज १२-१३ किलोंचा होतो. म्हणजे हिशेबात धरायचे वजन ७३ किलो, अर्थात सुमारे १६० पौंड. छत्री २३० चौरस फुटांची असेल तर पंखभार आला ०.७. तीच मुलगी १६० चौरस फुटांच्या छत्रीखाली गेली तर १. आणि १२० चौरस फुटांच्या छत्रीखाली गेली तर १.३ च्या वर.

नवशिक्यासाठी साधारण १ ही वरची मर्यादा मानतात आणि शिकाऊ उड्यांसाठी त्याहून बराच कमी भार ठेवतात. म्हणूनच शिकाऊ छत्र्या मोठ्या असतात, दोनशे चौरस फुटांच्या वर, वजनदार माणसाला त्याहून मोठ्या. टँडम उडीत दोन माणसांचा भार असतो, म्हणून ती छत्री तीनशे चौरस फुटांपेक्षाही मोठी असते.

या भागाकारात होणारी सर्वांत साधी चूक म्हणजे पाठीवरच्या सामानाचे वजन विसरणे. ८५ किलोचा तरुण मनातल्या मनात हिशेब करतो, १८७ पौंड, छत्री १९० ची, म्हणजे पंखभार १ च्या आत. प्रत्यक्षात १५ किलो सामानासह तो १०० किलोचा, म्हणजे २२० पौंडांचा आहे आणि पंखभार १.१६ आहे. कागदावर तो नवशिक्यांच्या मर्यादेत आहे, हवेत नाही.

दुसरी चूक आम्हा डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीची. वजन विचारले की माणूस लग्नाच्या वेळचे सांगतो. बाह्यरुग्ण विभागात वजन सांगणे आणि वजनकाट्यावर उभे राहणे यांत चार-पाच किलोंचा फरक पडणे ही नवलाची गोष्ट नाही. औषधाच्या मात्रेत हा फरक एखाद वेळी खपून जातो. छत्री निवडताना तो खपवू नये. उडीच्या दिवशी, सगळे सामान चढवून काट्यावर उभे राहावे आणि दिसेल तो आकडा धरावा. लाज वाटायचे कारण नाही. जड माणसाला उडी वर्ज्य नाही, त्याला मोठी छत्री लागते इतकेच. अंथरूण पाहून पाय पसरावेत तसे. मात्र पट्ट्यांची आणि कापडाची निर्मात्याने ठरवलेली कमाल वजनमर्यादा असते, ती ओलांडून 'चालवून घ्या' म्हणू नये.

भार दुप्पट, मार दुप्पट

पंखभार वाढला की काय होते? वेग वाढतो. छत्रीला तेवढे जास्त वजन पेलायचे, तर तिच्यावरून हवा जास्त वेगाने वाहायला हवी. आजच्या चौकोनी छत्र्या गोल छत्रीसारख्या नुसत्या खाली येत नाहीत. त्यांच्या पुढच्या कप्प्यांत हवा शिरते, कापड पंखासारखे फुगते आणि ती छत्री पुढे झेपावत उतरते. १९६० च्या दशकात डोमिना जालबर्ट यांनी हा फुगणारा पंख घडवला आणि हवाई छत्री ही पडण्याऐवजी उडण्याची वस्तू झाली. त्यामुळे तिला दोन वेग असतात, पुढे जाण्याचा आणि खाली येण्याचा. भार वाढला की दोन्ही वाढतात.

हे वाढणे वर्गमुळाच्या हिशेबाने होते. पंखभार ०.७ वरून १.४ झाला, म्हणजे दुप्पट झाला, तर वेग दुप्पट होत नाही, १.४ पट होतो. पुढचा वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर तो ४२ होईल. ऐकायला फार वाटत नाही. पण हाडाला जो मार बसतो तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग १.४ पट, तर जमिनीवर जिरवायची ऊर्जा दुप्पट. ताशी ३० किलोमीटरने पडलेला मोटारसायकलस्वार आणि ताशी ४२ ने पडलेला, यांच्या जखमांत जो फरक दिसतो तो याच वर्गाचा.

खाली येण्याच्या वेगाकडे बघू. शेवटच्या क्षणी ब्रेकच्या दोऱ्या ओढल्याच नाहीत आणि छत्री सेकंदाला ५ मीटर वेगाने खाली आली, तर ते सव्वा मीटर उंचीवरून उडी मारण्यासारखे आहे. घराच्या उंच ओट्यावरून मारावी तशी. तोच वेग सेकंदाला ७ मीटर झाला तर अडीच मीटर उंचीवरून उडी मारल्यासारखे झाले. म्हणजे माळ्यावरून. ओट्यावरून उडी मारलेला माणूस बहुधा कपडे झटकून उठतो. माळ्यावरून पडलेल्याला आमच्याकडे आणावे लागते.

नीट उतरणाऱ्या माणसाला एवढा मार बसत नाही, कारण जमीन जवळ आली की तो दोन्ही दोऱ्या सारख्या ओढतो. कापडाची मागची कड खाली येते, पुढच्या वेगाचे क्षणभर उचलीत रूपांतर होते आणि पाय हलकेच टेकतात. मात्र हे ओढणे नेमक्या उंचीवर व्हावे लागते. लवकर ओढले तर छत्री वर थांबते आणि मग कोसळते. उशिरा ओढले तर उपयोग नाही. वेग जितका जास्त, तितका त्या 'नेमक्या' क्षणाचा अवधी कमी. नवशिक्याला लागतो तो वेळ, आणि कमी पंखभार त्याला तोच वेळ देतो.

निजामपूरच्या छत्रीचा हिशेब

आता पुन्हा गोष्टीकडे. ती छत्री नेमकी केवढी होती हे कुणाला माहीत नाही. उदार होऊन दोन मीटर व्यासाची धरू. क्षेत्रफळ भरते सुमारे ३४ चौरस फूट. सेवक ६० किलोचा धरला तर पंखभार जवळजवळ ४ येतो. स्थिर हवेत असा माणूस सेकंदाला पंधरा मीटर, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर येईल. हे चौथ्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे. तुलनेसाठी, सैनिकांच्या गोल छत्रीचा व्यास साधारण ३५ फूट असतो, तेव्हा कुठे जवान सेकंदाला पाच-सहा मीटरच्या वेगाने उतरतो आणि तरीही त्याला कोलांटी घेऊन पडावे लागते.

पण सह्याद्रीचा वारा हा स्थिर वारा नाही. पावसाळ्यात समुद्राकडून येणारा वारा कड्यावर आदळतो आणि वर चढतो. नाणेघाटात धबधब्याचे पाणी उलटे वर उडताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याची ताकद सांगायला नको. अशा चढत्या हवेत खाली येण्याचा वेग कमी होऊ शकतो. तेवढ्यापुरती गोष्ट शास्त्राच्या जवळ जाते. घारी याच हवेवर पंख न हलवता तरंगत असतात. घारीचे पंख तिच्या वजनाच्या मानाने ऐसपैस, म्हणून ती संथ घिरट्या घालते. बदकाचे पंख वजनाच्या मानाने आखूड, म्हणून त्याला वेगात उडावे लागते आणि उतरताना पाण्यावर घसरत यावे लागते. नवशिक्याने घार व्हावे, बदक नव्हे.

मात्र चढती हवा जमिनीतून वर येत नाही. पायथ्याशी, शेवटच्या काही फुटांत, तिचा आधार संपतो. शिवाय डोंगराच्या आडोशाला वारा भोवरे घेतो आणि त्यात कापडाची छत्री अचानक मिटू शकते. सावित्रीच्या खोऱ्यासारख्या चहूबाजूंनी डोंगर असलेल्या जागी या उड्यांसाठी मैदान का निवडत नाहीत, त्याचे एक कारण हे. त्याला मोकळी, सपाट, अडथळे नसलेली जमीन लागते.

सगळ्यांचा १ सारखा नाही

इथवर वाचून वाटेल की आकडा १ च्या आत ठेवला की झाले. पण एक बारकावा आहे आणि तो शरीराने लहानखुऱ्या असलेल्या आपल्याकडच्या मुलींना विशेष लागू पडतो.

५० किलोची मुलगी सामानासह ६२ किलोंची, म्हणजे सुमारे १३६ पौंडांची होते. तिला १३५ चौरस फुटांची छत्री दिली तर पंखभार १ येतो. शेजारी १०० किलोचा, सामानासह ११५ किलोंचा माणूस २५० चौरस फुटांच्या छत्रीखाली उभा आहे. त्याचाही पंखभार १. दोघांचा आकडा एक, पण छत्र्या वेगळ्या वागतात. लहान छत्रीच्या दोऱ्या आखूड असतात. एक दोरी ओढली की ती झटकन वळते, झटकन बुडी मारते. मोठी छत्री तीच आज्ञा सावकाश पाळते. म्हणून हलक्या व्यक्तीने फक्त भागाकारावर विसंबू नये. तिच्यासाठी १ हा आकडाही जास्त ठरू शकतो. 'तू बारीक आहेस, तुला छोटी छत्री चालेल' हे वाक्य कौतुकाचे वाटते, पण ते ऐकून घेऊ नये.

उलट टोकही सांभाळायला हवे. भार फारच कमी असेल तर जोराच्या वाऱ्यात छत्री पुढे जायचे सोडून मागे ढकलली जाते आणि उतरल्यावर माणसाला फरफटत नेते. भातखाचरात इरले घेऊन वादळात उभे राहिलेल्याला हा अनुभव असतो. यावर उपाय छोटी छत्री हा नाही. वारा जास्त असेल तर त्या दिवशी न उडणे हा आहे. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेने चौकोनी छत्रीवर शिकणाऱ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, ठेवली आहे. दुसऱ्या दिवशीचे परतीचे तिकीट हे वाऱ्याशी वाद घालण्याचे कारण होत नाही.

आणखी एक छत्री हिशेबात धरायची राहून जाते, ती राखीव. माणूस बेशुद्ध असला तरी ठरावीक उंचीला राखीव छत्री आपोआप उघडणारे उपकरण असते. पण बेशुद्ध माणूस दोऱ्या ओढू शकत नाही. तो जसा येईल तसा जमिनीवर येतो. म्हणून राखीव छत्रीचे क्षेत्रफळही विचारावे आणि तिचाही भागाकार करावा. ती लहान असेल तर मुख्य छत्रीचा मोठेपणा त्या क्षणी कामाला येत नाही.

घाई गुडघ्यावर बेतते

पंधरा-वीस उड्या झाल्या की मोठी छत्री संथ वाटू लागते. बाजूने अनुभवी लोक छोट्या छत्रीखाली सुसाट येतात, गवतावर लांब घसरत उतरतात, टाळ्या मिळतात. मग 'मलाही एक माप छोटी' असा हट्ट सुरू होतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा हा प्रकार. फक्त इथे गुडघ्याला पुढे प्लास्टर येते.

धोका कुठे आहे ते समजून घेऊ. जमिनीजवळ समोर झाड, तार किंवा दुसरा माणूस आला की घाबरलेला नवशिका एका बाजूची दोरी जोरात ओढतो. छत्री कलते, माणूस लोलकासारखा बाहेर फेकला जातो आणि छत्री बुडी मारते. ती पुन्हा सरळ व्हायला काही उंची खर्च होते. पंखभार जितका जास्त, तितकी ही उंची जास्त. उंची शिल्लक नसेल तर माणूस उतरण्याच्या वेगाने नव्हे, बुडीच्या वेगाने जमिनीवर आदळतो. या आदळण्यात फक्त पाय मोडून भागत नाही. कंबरेचे हाड, मणका, पोटातले अवयव, डोके, सगळ्यांनाच मार बसतो. वारा पाठीमागून असला तरी चालेल, पण सरळ उतरावे, दोन्ही दोऱ्या सारख्या ओढाव्यात आणि पाय जुळवून कोलांटीच्या तयारीत राहावे. प्रशिक्षक हे पुन्हा पुन्हा घोकून घेतात त्याला कारण आहे.

म्हणून छत्रीचे माप उतरवायचे तर एका वेळी एकच पायरी उतरावी, तीही आधीच्या मापाने वेगवेगळ्या वाऱ्यात ठरल्या जागी, पायावर, अनेकदा उतरता आल्यावर आणि प्रशिक्षकाने पाहून सांगितल्यावर.

उंची आणि ऊन

पंखभाराच्या आकड्यात हवा दिसत नाही, पण ती असते. हवा विरळ झाली की तीच छत्री, तेच वजन, तरी वेग जास्त. याचे मोठे उदाहरण आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांचे आहे. त्यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर आणि २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर उडी मारली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून त्यांनी मारलेली उडी वाचकांना आठवत असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी मारली आणि काळापत्थर इथे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास उतरल्या.

त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ५८ टक्के असते. म्हणजे छत्री समुद्रसपाटीपेक्षा तीस टक्के जास्त वेगाने उतरते. जणू काही पंखभार पावणेदोन पट झाला. वर प्राणवायू कमी, थंडी बोटे गोठवणारी. छत्रीवरची अनेक वर्षांची हुकमत असल्याखेरीज तिथे जाता येत नाही. साडीचे आणि शिखराचे छायाचित्र आपण पाहतो, त्यामागचा हा हिशेब दिसत नाही.

आपल्याला एव्हरेस्टला जायचे नसले तरी हा नियम लागू आहे. पाचगणीच्या पठारावर हवा महाडपेक्षा विरळ असते. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेली हवाही विरळ असते. फरक पाच-सहा टक्क्यांचा असतो, पण नव्या जागी, दुपारच्या उन्हात, नव्या छोट्या छत्रीखाली असे तीन-चार फरक एकत्र आले की ते जाणवतात.

पॅराग्लायडिंग शिकणाऱ्यांसाठीही हाच धडा. त्यांच्या पंखाचा आकार मोठा आणि भार त्या मानाने कमी असतो. प्रत्येक पंखावर किती ते किती किलोंसाठी तो आहे याची मर्यादा छापलेली असते आणि ती सामानासह धरायची असते. कामशेतला किंवा पाचगणीला पहिल्या दिवशी ते लेबल स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे.

टाच मोडली तर पाठ बघा

कोकणातल्या सरकारी रुग्णालयात उंचावरून पडलेला रुग्ण नवा नाही. पावसाच्या तोंडावर कौले शाकारताना, आंबे उतरवताना, नारळाच्या झाडावरून माणसे पडतात. पायांवर पडलेल्या माणसाच्या शरीरात मार एका ठरलेल्या वाटेने वर चढतो. आधी टाच आणि घोटा, मग नडगीचा वरचा भाग व गुडघा, मग खुब्याची वाटी, आणि शेवटी पाठीचा कणा जिथे छातीकडून कंबरेकडे वळतो तो भाग. टाचेचे हाड मोडलेल्या दर दहा रुग्णांत साधारण एकाच्या कण्यालाही इजा असते. म्हणून टाच सुजलेला रुग्ण पाठ दुखत नाही म्हणाला, तरी आम्ही पाठ तपासतो. हवाई छत्रीने चुकीचे उतरलेल्याचा मार याच वाटेने जातो.

स्कॉटलंडमधल्या टेसाइड भागातल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये पाच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. सामाजिक कामासाठी देणगी जमवायला आयुष्यात पहिल्यांदा उडी मारणाऱ्यांपैकी ११ टक्के जखमी झाले होते आणि जखमींतल्या बहुसंख्यांना रुग्णालयात ठेवावे लागले होते. जमवलेल्या देणगीपेक्षा सरकारी रुग्णालयांचा खर्च कितीतरी जास्त झाला. आजच्या टँडम उडीत अनुभवी माणूस छत्री हाताळतो, त्यामुळे चित्र बरेच सौम्य आहे. पण एकट्याने शिकू पाहणाऱ्याने तो आकडा ध्यानात ठेवावा.

असा अपघात समोर झाला तर जखमीला बखोटीला धरून उभे करू नये. 'उठ, काही नाही झाले' म्हणत चालवून बघू नये. मान आणि पाठ सरळ रेषेत ठेवून आहे तिथेच पडू द्यावे, पायाची बोटे हलतात का, मुंग्या येतात का विचारावे, १०८ ला फोन करावा. हलवायलाच हवे असेल तर तीन-चार जणांनी एकदम, लाकडाच्या ओंडक्यासारखे, सरळ फळीवर घ्यावे.

उडीआधी डॉक्टरांना काय सांगाल

प्रमाणपत्र मागताना खरे सांगावे. फिट येत असतील, चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, हृदयविकार असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, इन्शुलिनवर असताना साखर अचानक उतरत असेल, गरोदरपण असेल, तर ते दडवू नये. एकदा खांदा निखळला असेल तर तोही सांगावा, कारण छत्री उघडतानाच्या झटक्यात आणि दोऱ्या ओढताना खांदा पुन्हा निखळू शकतो आणि एका हाताने छत्री सरळ उतरवता येत नाही. साधी सर्दी असेल तर उडी पुढे ढकलावी, उंचीवरून वेगाने खाली येताना कानाच्या पडद्यावर ताण येतो. पन्नाशीपुढच्यांनी, विशेषतः पाळी थांबलेल्या स्त्रियांनी, हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी करून घ्यावी. तरुण हाड जो मार पचवते तो ठिसूळ मणक्याला पचत नाही. अशांनी पंखभार आणखी कमी ठेवलेला बरा.

पाठीवर छत्री चढवण्याआधी

१. सगळ्या सामानासह काट्यावर उभे राहा. किलोला २.२ ने गुणा, छत्रीच्या चौरस फुटांनी भागा.

२. उत्तर १ च्या वर आले तर मोठी छत्री मागा. सुरुवातीच्या उड्यांसाठी ते १ च्या बऱ्यापैकी खाली असू द्या.

३. वजनाने हलके असाल तर आकडा ठीक दिसला तरी छत्री लहान नाही ना, हे प्रशिक्षकाला विचारा.

४. राखीव छत्रीचाही हाच भागाकार करा.

५. जागा नवी, उंचीवरची किंवा फार तापलेली असेल तर वेग नेहमीपेक्षा जास्त असेल हे धरून चला.

६. जमिनीजवळ मोठे वळण नाही. सरळ, दोन्ही दोऱ्या सारख्या, पाय जुळलेले.

७. वारा वाढला तर चहा घ्या. उडी उद्या.

हा सगळा हिशेब वहीच्या एका ओळीत मावतो आणि त्याला चौथीचे गणित पुरते. प्रशिक्षण देणारी संस्था चांगली असेल तर ती हा हिशेब तुमच्यासमोर करेल. विचारल्यावर कुणी हसले, 'त्याची काळजी तुम्ही करू नका' म्हणाले, तर पैसे परत मागून घरी यावे.